कोकिळाबाईंची खरी तारीख

"केक बसला की समजायचं, बाईने मधेच झाकण उघडून पाहिलं."

हे कोकिळाबाईंचं वाक्य. पाचोऱ्यात त्या ज्या गल्लीत राहतात, तिथल्या निम्म्या बायका या वाक्याचा मार खाऊनच तयार झाल्यात. दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात पाच-सहा जणी जमतात. फी नाही, बी नाही. आपापला मैदा आणायचा, आपापली साखर आणायची आणि बाईंची बोलणी मात्र फुकटात घरी न्यायची. घरात ओव्हन नाही. आहे ती जाड बुडाची जुनी कढई. तिच्या तळाला दोन वाट्या जाडं मीठ, मिठावर स्टीलची रिंग, रिंगेवर केकचा डबा आणि वरून घट्ट बसणारं ताट. "आधी दहा मिनिटं कढई रिकामी तापू द्यायची. पाहुणा दारात उभा असल्यासारखी घाई नको. आणि मैदा, सोडा तीनदा चाळायचा. दोनदा चाळून मला तीनदा सांगू नका, केक मला सगळं सांगतो."

अंड्याचं नाव त्या घरात निघत नाही, कारण शेजार जैनांचा. प्रेमकुंवरबाई आणि त्यांची सून विधी भिंतीला भिंत लावून राहतात, येणं-जाणं उठता-बसता. "अंड्यावाचून अडतंय कुणाचं? केळं घ्या. पण पिवळंधमक नको. साल काळी पडलेलं, पोरं नाक मुरडतात तसलं. तेच केकला मऊ ठेवतं." कुणी चुकून बाजारातल्या इसेन्सचं नाव काढलं, की बाई चष्म्यावरून अशा बघतात की ती बिचारी बाटली पिशवीतच ठेवते. रावेरच्या केळ्याच्या मुलखात राहून केळ्याचा वास बाटलीतून घ्यायचा म्हणजे शोभा झाली, असं त्यांचं म्हणणं.

आणि क्रीम! क्रीमवर तर त्या तासभर बोलतील. उन्हाळ्यात क्रीम फेटायचं ते सकाळी सूर्य वर यायच्या आत. भांडं बर्फात, फेटायचे काटे बर्फात, आणि फेटताना कुणी दार उघडून गप्पा मारायला आलं तर त्याला तिथूनच वाटेला लावायचं. "पाचोऱ्याच्या उन्हात माणूस उभ्या उभ्या पाघळतो, तिथे क्रीमची काय कथा!"

हे वेड लागलं ते लॉकडाउनात. विधीच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता, बेकऱ्या बंद, आणि ती पोर जिन्यात बसून मुळूमुळू रडत होती. कोकिळाबाई म्हणाल्या, "ढोकळा फुगवता येतो मला, केक काय आभाळातून पडलाय?" पहिला केक असा झाला की त्यांचे यजमान प्रेमराजभाऊ म्हणाले, दाराला अडसर म्हणून छान आहे. दुसरा मधे कच्चा. तिसऱ्याला बरं म्हणता आलं असतं, पण त्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. चौथा मात्र असा फुगला की विधीने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तेव्हापासून गल्लीतला एक वाढदिवस बाईंच्या केकशिवाय झालेला नाही. गॅसशेजारच्या कॅलेंडरवर सगळ्यांच्या तारखांभोवती त्यांनी गोल काढलेत. पैसे कुणाकडून घेत नाहीत. द्यायला गेलं तर रागावतात.

आणि एवढं सगळं करून कोकिळाबाईंचा स्वतःचा केक आजवर झाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुम्ही म्हणाल, का? आधारकार्डावर तर जन्मतारीख आहे: एक जून एकोणीसशे सत्तर. आहे ना! प्रेमराजभाऊंचीही एक जूनच आहे. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांची एक जून, त्यांच्या बायकोची एक जून, कोपऱ्यावरच्या शिंपीदादांचीही एक जून. त्या काळी शाळेत नाव घालायला पोराला घेऊन गेलं की गुरुजी वर पाहायचे, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना सहा वर्षं पुरी भरावीत म्हणून वहीत एक जून लिहून मोकळे व्हायचे. अख्खी पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्माला आली. दर एक जूनला सकाळी बँकेचा मेसेज येतो, विमा कंपनीचा येतो, आणि प्रेमराजभाऊ हसत हसत म्हणतात, "चला, सरकारी वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

भाऊंना हसू येतं. बाईंना येत नाही.

"अगं, माझाही एक जूनच आहे, माझं काही अडलं का?" ते विचारतात.

"तुमचं नाही अडत. माझं अडतं."

खरंच अडत होतं. लोकांच्या केकवर नावं लिहिता लिहिता त्यांना वाटायचं, या चार वर्षांच्या चिमुरडीलासुद्धा आपला दिवस माहीत आहे. कुणीतरी तो दिवस तिच्यासाठी धरून ठेवलाय. आपला कुणी धरला? लहानपणच्या गोष्टीत पंचावन्नाव्या वर्षी जीव अडकावा, हे त्यांना स्वतःलाच लाजिरवाणं वाटायचं. पण अडकला होता, त्याला इलाज नव्हता.

त्यातून थोरला भाऊ योगराज. त्याचा जन्म वार, तिथी, घटका-पळांसकट भटजींच्या पत्रिकेत लिहिलेला. ती पत्रिका लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेली. कोकिळाबाईंचा जन्म मात्र "कापसाच्या वेचणीत कधीतरी". कोतवालाच्या वहीतही त्यांचं नाव सापडलं नाही, कारण घरून कुणी कळवलंच नव्हतं. कापसाची वेचणी काय एक दिवस चालते? दसऱ्यापासून पार संक्रांतीपर्यंत चालते.

लहानपणी एकदा त्यांनी आईला विचारलं होतं. आई, मथुराबाई, चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "माले काय इचारस? तुना फुईले माहीत शे." मला काय विचारतेस, तुझ्या आत्याला माहीत आहे. एवढंच. जन्म दिलेल्या बाईला आपल्या लेकीचा दिवस माहीत नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही, हे कोकिळाबाईंना तेव्हा जे लागलं ते लागलंच. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. आई गेली, तिलाही आता पंचवीस वर्षं झाली.

राहिली फुई. वडिलांची, रूपचंदांची, थोरली बहीण भिकुबाई. ती त्या बाळंतपणाला महिनाभर येऊन राहिली होती, हे सगळ्यांना ठाऊक. पण पुढे ती माहेरी येईनाशी झाली. लग्नाकार्याला आली तरी अक्षता पडल्या की निघायची. जमिनीच्या वाटणीचा राग असेल, असं घरात म्हणत. आता मोठ्या बाईने तिच्याकडे जाऊन काय विचारायचं, "फुई, माझा वाढदिवस कधी?" लोक काय म्हणतील? आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षं सरली.

मग या एप्रिलात विधीने सहज विचारलं, "काकू, तुमचा केक आम्ही कधी करायचा?" ती तर हसून विसरून गेली. बाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याहून फुईच्या मुलाचा, निंबाभाऊंचा फोन.

"कोकिळा, आईचं आता काही खरं नाही. सकाळी मलाच विचारते, कोन शे रे तू? दुपारी जरा बरी असते. भेटून जा एकदा."

कोकिळाबाईंनी फोन ठेवला आणि कढईत मीठ टाकलं.

"एवढ्या उन्हात धुळ्याला केक नेणार?" प्रेमराजभाऊ म्हणाले. "पेढे ने की."

"पेढे तुम्ही खा."

बाईंनी बेत पक्का केला होता. केळ्याचा केक, मऊ, कारण फुईच्या तोंडात दात नसणार. क्रीम वेगळं, स्टीलच्या डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत. धुळ्यात पोचल्यावर क्रीम लावायचं, वर नाव लिहायचं, आणि नावाखाली जागा सोडायची. फुई तारीख सांगेल, ती तिच्यासमोरच तिथे लिहायची. आयुष्यात एकदा, आपल्या हाताने, आपली तारीख. सकाळी सहाच्या बसला त्या मांडीवर केक आणि पायाशी बर्फाची पेटी घेऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या तोंडावर असं काही हसू होतं की कंडक्टरने विचारलं, "काय मावशी, नातू झाला का?"

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पारोळ्याच्या अलीकडे बस पंक्चर. स्टेपनीही पंक्चर. दुसरी गाडी येईपर्यंत चार तास एका कडुनिंबाखाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अकराच्या सुमाराला बाईंनी धीर करून पेटी उघडली. बर्फाचं पाणी, आणि डब्यात क्रीमचं ताक. क्रीम घेऊन बसने जायचं नसतं, हे बाई स्वतःच दर शुक्रवारी घसा कोरडा करून शिकवतात. दुसरी कुणी असती तर तिची चांगली खरडपट्टी काढली असती. त्यांनी डबा निंबाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि पदराने डोळे पुसले. घाम होता म्हणा.

देवपुरात निंबाभाऊंच्या घरी पोचायला दीड वाजला. हातात उघडा, तपकिरी, विनासजावटीचा केक.

कूलरसमोरच्या खाटेवर फुई बसली होती. केवढी उंच बाई होती ती! आता गुडघे पोटाशी घेतलेली मूठभर झाली होती. मनगटावरचं हिरवं गोंदण तेवढं ओळखू आलं. बाई वाकून पाया पडल्या. फुईने डोळ्यांवर हाताची झापड धरून त्यांच्याकडे बघितलं.

"मथुरा?" ती म्हणाली.

"आई, मथुरामामी कुठली? ती जाऊन किती वर्षं झाली," निंबाभाऊ मोठ्याने म्हणाले. "ही कोकिळा. रूपचंदमामांची लेक."

"चूप रे. माले समजस. मथुरा शे."

चूक तिची तरी कशी म्हणायची? मथुराबाई गेल्या तेव्हा याच वयाच्या होत्या. हेच कपाळ, हीच उभी रेघ भुवयांमध्ये. आरशात बघताना कोकिळाबाईंनाही कधी कधी दचकायला व्हायचं.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. केक मधे ठेवला. मनात कितीदा घोकलेलं वाक्य, ते एकदाचं बोलून टाकलं. "फुई, मी कोकिळा. मी झाले तेव्हा तू होतीस ना घरी? तो दिवस कोणता होता गं?"

फुईने ऐकलंच नाही. तिने बाईंचा हात हातात घेतला, उलटसुलट केला, मग कपाळाला लावून पाहिला.

"ताप उतरना का वं तुना?"

बाईंनी निंबाभाऊंकडे पाहिलं.

"नऊ दिन डोया नही उघाडात तू," फुई म्हणाली. "मी म्हनू, जास आते मनी भावजाई."

नऊ दिवस डोळे उघडले नव्हते, भावजय आता जाते असं वाटलं होतं. बाळंतपणात आईला असा ताप चढला होता, हे कोकिळाबाईंना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. निंबाभाऊ पुन्हा काही समजावायला पुढे आले, बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. मग, पाचोऱ्याच्या गल्लीत जी भाषा कित्येक वर्षांत तोंडात आली नव्हती, त्या आईच्या बोलीत त्या हळूच म्हणाल्या, "उतरना, अक्का. उतरना ताप."

आई नणंदेला अक्का म्हणायची.

फुईचा चेहरा मोकळा झाला. पण लगेच तिची नजर खाली गेली आणि ती गोधडीचं टोक चाळवायला लागली, चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

"मथुरा, तू मना हात धरेल व्हता. ध्यान शे ना तुले? तापमा व्हती तू. तू म्हने, अक्का, माले लिखता येत नही, तापमा काई ध्यान ऱ्हात नही. बठ्ठा म्हनतस पोरना दिन कसाले गिनना. पन तू मनी पोरना दिन ध्यानमा ठेव. मी बरी व्हयनू का तुले इचारसू."

मला लिहिता येत नाही. तापात माझ्या लक्षात काही राहत नाही. पोरीचा दिवस कशाला मोजायचा, असं सगळे म्हणतात. पण अक्का, तू माझ्या पोरीचा दिवस लक्षात ठेव. बरी झाले की तुला विचारेन.

कोकिळाबाईंना आई दिसली. चुलीपुढची ती पाठमोरी बाई, भाकरी थापणारी, मान वर न करणारी. तुझ्या फुईला माहीत आहे, म्हणाली होती ती. ते झटकून टाकणं नव्हतं. तिने आपल्या लेकीचा दिवस आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यांत भरवशाच्या माणसाकडे ठेवायला दिला होता आणि तो तिथे सुखरूप आहे असं समजून ती जन्मभर निर्धास्त राहिली होती. आणि आपण त्या बाईवर पन्नास वर्षं मनातून रुसून बसलो. ती गेली तेव्हाही रुसलेलोच होतो. आता हे कुणाला सांगायचं? कुणाच्या पाया पडायचं? आई असती तर तिच्या मांडीत डोकं खुपसून रडता आलं असतं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "कोनता दिन व्हता, अक्का?"

फुईने गोधडीचं टोक मुठीत धरलं.

"मी भुली गऊ वं," ती म्हणाली. "बोटवर गिनेल व्हतं. वार बी ध्यानमा व्हता, तिथ बी व्हती. मंग मी मना घर गऊ. आठे कपाशी, सासू, लेकरं. भुली गऊ. तू इचारशी ते काय सांगू? म्हनीसन मी तुना घर उनू नही. लाज वाटे माले."

इथल्या रगाड्यात विसरले, आणि मग यायची लाज वाटली. म्हणून ती येत नव्हती. जमीन नाही, वाटणी नाही, काही नाही. भावजयीने एकच गोष्ट सांभाळायला दिली होती आणि ती हरवली, म्हणून ही बाई जन्मभर माहेरच्या दारातून परत फिरत राहिली.

तारीख गेली. कोकिळाबाईंना ते अगदी स्वच्छ कळलं. या जगात ती तारीख माहीत असलेलं एकही माणूस आता उरलं नव्हतं, आणि यापुढे ती कधी कुणाला कळणार नव्हती. त्यांना वाटलं होतं, तारीख मिळाली नाही तर आपण इथेच कोसळून रडू. रडू येत होतं, पण ते तारखेसाठी नव्हतं. आईसाठी होतं.

"राग उना का, मथुरा?" फुई विचारत होती. तिने बाईंचा हात सोडला नव्हता. तिचे पाण्याने भरलेले डोळे बाईंच्या तोंडाकडे असे लागले होते, की जणू त्यांनी आता काय म्हणावं यावर तिचं सगळं अडलंय. "बोल ना वं. राग उना?"

"नही, अक्का," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने फुईचे डोळे पुसले, मग आपले पुसले. "राग कसाना? तू भुलनी ते भुलनी. माले ध्यान शे."

"तुले ध्यान शे?"

"हां. मी बरी व्हयनू ना, तवय माले बठ्ठं ध्यानमा उनं."

"खरं?" फुई ताठ बसली. "कव्हय शे मंग पोरना दिन?"

निंबाभाऊ दारात सुरी घेऊन उभे होते. कूलर घरघरत होता. कोकिळाबाईंनी त्या उघड्या, काही न लिहिलेल्या केककडे एकदा पाहिलं.

"आज," त्या म्हणाल्या. "आजच शे, अक्का."

फुई हसली. बोळक्या तोंडाने, मोकळी होऊन, लहान पोरीसारखी हसली. सुरीची वाटही न पाहता तिने केकचा एक मोठा तुकडा तोडला आणि ती पोरीला शोधत इकडेतिकडे बघायला लागली.

"मंग आशी बशी काय ऱ्हायनी? पोर कथी शे? लई ये तिले, तोंड गोड करू."

"पोर आठेच शे, अक्का," कोकिळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड पुढे केलं.